काळ्या पडद्यावरचं पत्रक

आमच्या घरातला कॉम्प्युटर दिवाळीनंतरचे काही महिने कापसात राहायचा. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत चूल, पुढच्या खोलीत बाकी सगळं. वेचून आणलेला कापूस पुढच्या खोलीत एका भिंतीला लागून साठवायचा, आणि त्याच भिंतीला बाबांचं टेबल. ढीग वाढत वाढत आधी टेबलाच्या पायांपर्यंत यायचा, मग खुर्चीपर्यंत. शेवटी बाबा खुर्ची उचलून ओसरीत ठेवायचे आणि कापसावरच मांडी घालून टाईप करायचे. देवळी तालुक्यात कापूस तेव्हा घरोघरी असा साठलेला असायचा. त्यात बुडालेला मॉनिटर मात्र आमच्याकडेच होता.

बाबा पत्रकं लिहायचे. घरची थोडी शेती, आणि उरलेल्या वेळात लोकांचे अर्ज टाईप करून देणं, हा त्यांचा दिवस. पण त्यांचं खरं काम पत्रकं. बसची फेरी बंद झाली, पत्रक. अंगणवाडीतल्या बायांना कामाचा ताण, पत्रक. जंगलाकडच्या कुटुंबांना कसत्या जमिनीचा पट्टा मिळत नाही, पत्रक. ते कुठल्या पक्षात नव्हते. पत्रकाखाली स्वतःचं नाव कधी घातलं नाही.

मी त्या पत्रकांवर वाढले. ‘बंधू आणि भगिनींनो’ हे मी वाचलेले पहिले शब्द, आणि ‘भ’ हे अक्षर मला ‘क’च्या आधी यायला लागलं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू शिवून आई मला कच्च्या वह्या करून द्यायची. एका बाजूला माझे अपूर्णांक, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी मागण्या. आता सावंगीला भाड्याच्या खोलीत बसून मी फोनवर बोट फिरवत लिहिते, तेव्हा मागची बाजूच नसलेला हा कागद मला अजून अनोळखी वाटतो.

कॉम्प्युटर जुना होता. वर्ध्याच्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, डब्यासारखा मॉनिटर असलेला. त्याच्या मदरबोर्डवरची पडद्याची जोडणी आधीच निकामी झालेली, म्हणून देवळीच्या दुरुस्तीवाल्या भाऊंनी त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. पडद्यावर जे काही दिसायचं, ते या कार्डाच्या मेहरबानीनं. कार्डावर डबीच्या झाकणाएवढा पंखा होता आणि तो फिरताना जात्यासारखा घरघरायचा. आम्हाला त्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागायची नाही.

तो पडदा आजारी पडला की सगळं घर डॉक्टर व्हायचं. एकदा त्यावरचा लाल रंगच गेला. पांढरं पान निळसर हिरवं दिसायचं आणि बाबांनी लाल केलेला मथळा काळा. निळ्या टोकाच्या वायरीतली एक बारीक पिन वाकली होती, हे पुढे कळलं. तोवर बातमी गावभर झाली. पानठेल्यावर एकानं बाबांना हटकलं, “काहो भाऊ, तुमच्या घरातून लाल गेला म्हणते! कोन्त्या पक्षात जाऊन राह्यले मंग?” बाबा म्हणाले, “गेला नाई, वायरीत अटकला हाय.” घरी येऊन त्यांनी एका पत्रकाची घट्ट घडी केली आणि वायरीखाली पाचरीसारखी बसवली. वायर नेमक्या कोनात राहिली आणि लाल परत आला. ती घडी कधी सरकली की आई स्वयंपाक करता करता आतूनच विचारायची, “लाल हाय का?”

हे सगळं हसण्यासारखं. पण मी बारावीला होते त्या वर्षी, कापसाच्या दिवसांत, पडदा गेला आणि आम्ही हसलो नाही.

आई गावच्या शाळेत पोरांचं जेवण शिजवायची. तिच्या जोडीला एक मावशी होती, जंगलाकडून आलेल्या वस्तीतली. तिच्या घरी गोंडी बोलायचे. या दोघी शाळेतल्या सगळ्या पोरांसाठी चूल पेटवायच्या, धुरात डोळे लाल करून घ्यायच्या, आणि कागदोपत्री त्यांना कुणी कामगार म्हणायचं नाही. ‘मदतनीस’ म्हणायचे. हा शब्द मला तेव्हाही डाचायचा आणि आजही डाचतो. सगळं काम ज्यांनी करायचं त्या मदतनीस. मग मुख्य काम करणारं माणूस कोण, ते एकदा दाखवा तरी.

त्या आठवड्यात शाळेत आलेल्या डाळीत अळ्या निघाल्या. आईनं डाळ शिजवायला नकार दिला. पोतं तसंच ओढत नेऊन शाळेच्या पायरीवर ठेवलं आणि त्या दिवशी पोरांना नुसता भात आणि कांद्याचा रस्सा केला. गुरुवारी शाळा समितीच्या एका माणसानं वाटेत गाठून सांगितलं, सोमवारपासून दोघींनी येऊ नये, चूल दुसऱ्यांना द्यायची आहे. कागद नाही, कारण नाही. रविवारी ग्रामसभा होती. तिथे लोक जमले आणि बोलले तर चूल वाचणार, नाही तर गेली. लोकांना कळवायला गावचा शनिवारचा बाजार एवढी एकच जागा, आणि बाजारात वाटायला पत्रक हवं.

बाबा लिहीनात.

त्यांचा नियम होता. स्वतःच्या घरासाठी पत्रक काढायचं नाही. मी शुक्रवारी दुपारी वर्ध्याहून कॉलेज करून आले, तेव्हा ते टेबलासमोर कॉम्प्युटर बंद ठेवून बसले होते. मावशी दारापाशी बसून कापसातली पिवळी बोंडं निवडत होती. आई ताटात गहू घेऊन बसली होती.

“लिहिलं का?” मी विचारलं.

“कसं लिहू? उद्या लोक म्हणतीन, बायकोची चूल गेली तवा याले अन्याय दिसला.”

“दुसऱ्याच्या बायकांसाठी लिहिताना दिसतो, आणि घरात दिसत नाही? हे तत्त्व नाही बाबा, भीती आहे ही!” मी ओरडले. वर्ध्याला जायला लागल्यापासून मी रागात पुस्तकी बोलायचे.

“ओरडू नोको,” आई गव्हातला खडा बाजूला टाकत म्हणाली. “त्यायचं बरोबर हाय. पत्रक गावासाठी असते. मी कुठची गावातली? मी घरातली हाओ.”

मावशी तोंडाला पदर लावून हसली. बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाकून टेबलाखालचं बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. पडद्यावर नेहमीचं निळं चित्र आलं आणि त्यावर रंगीत तीळ सांडल्यासारखे ठिपके पसरले. मग आडव्या पट्ट्या आल्या. मग काळोख. मॉनिटरच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा नारिंगी होऊन लुकलुकायला लागला.

बाबांनी पहिल्यांदा वायरीखालची पत्रकाची घडी हलवली. मग मॉनिटरला उजव्या बाजूनं एक आणि डाव्या बाजूनं एक अशा चापट्या दिल्या. “डिस्प्ले गेला,” ते म्हणाले, आणि मला दिसलं की त्यांना थोडं सुटल्यासारखं झालं होतं. त्याचाच मला जास्त राग आला. मी दुरुस्तीवाल्या भाऊंना फोन लावला.

भाऊ सावंगीला होते, दवाखान्यात. “माह्या बुढ्याले भरती केलं बाई, मी काई येऊ शकत नाई. सांग, काय झालं?”

“डिस्प्ले गेला.”

“डिस्प्ले गेला का मशीन गेलं? नमलॉक दाबून पाय. दिवा लागते का?”

मी कीबोर्डवरची कळ दाबली. वरच्या कोपऱ्यात छोटा दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. “लागतो.”

“मंग मशीन जित्तं हाय. त्याले सगळं समजून राह्यलं, फक्त दाखवता येऊन नाई राह्यलं. कार्डाचा पंखा फिरते का?”

तेव्हा लक्षात आलं की घरात घरघर नाही. मशीन बंद करून आम्ही टेबलाखालच्या डब्याचं झाकण काढलं. आत कापूस होता. आमच्याच शेतातला. तंतू तंतू करून आत खेचला गेलेला, कार्डाच्या पंख्याभोवती वातीसारखा वळलेला. पंखा त्या वातीत जखडून थांबला होता आणि कार्ड तव्यासारखं तापलं होतं.

“अरे बाप्पा,” मावशी वाकून म्हणाली, “यानं तं सूत कातलं!”

आईनं डोक्यातली पिन काढून तो कापूस ओढून काढला. फोनवरून भाऊ सांगत होते तसं मी कार्ड उपसलं, त्याच्या सोनेरी दातांवरून माझं खोडरबर फिरवलं, फुंकर मारली आणि टच्‌ आवाज येईपर्यंत परत दाबून बसवलं. पंख्याला बोटानं फिरवून पाहिलं. तो दोन फेरे घ्यायचा आणि थांबायचा. त्याचा जीव गेलाच होता.

“पंखा मेला तं कार्ड तपते,” भाऊ म्हणाले. “थंडं हाय तवरी चालन. चार-पाच मिनिटं. तेवढ्यात काय करायचं ते करून घेजो. नवीन कार्ड सोमवारी वर्ध्याहून आणतो.”

सोमवार आमच्या कामाचा नव्हता.

मग आम्ही वाट पाहिली. डबा उघडा ठेवून आई कार्डाला सुपानं वारा घालत होती. उन्हं भिंतीवर चढली. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांची बोटं मांडीवरच हलत होती. मी म्हटलं, हातानं लिहून काढा ना. ते म्हणाले, “पेन घेतला की मले अर्जच सुचते.” हे खरं होतं. तरुणपणी त्यांनी वर्ध्याला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि तेव्हापासून त्यांचं लिहिणं बोटांत गेलं होतं. कळांकडे बघायची त्यांना कधी गरज पडली नाही. पडद्याकडे मात्र ते सतत बघायचे. एक ओळ लिहायची, वाचायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एका पत्रकाला दोन दिवस लागायचे.

कार्ड हाताला गार लागल्यावर मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा आला. बाबांनी घाईघाईनं नवीन पान उघडलं. पानावर कर्सरची काडी लुकलुकली. त्यांनी पहिला शब्द टाईप करायला बोट उचललं आणि पट्ट्या आल्या, आणि काळोख.

मी हात लांब करून नमलॉक दाबलं. दिवा लागला.

“बाबा, त्याला सगळं समजतंय. तुम्ही लिहा.”

“न पाहता?”

“कळा कुठे पाहता तुम्ही?”

त्यांनी क्षणभर काळ्या काचेकडे पाहिलं. त्यात त्यांचाच चेहरा दिसत असणार, आणि मागे सुपानं वारा घालणारी आई. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली.

मी त्यांना असं लिहिताना आधी कधी पाहिलं नव्हतं. मागे जाऊन खोडायची सोयच नव्हती, कारण खोडलं काय हे कळलं नसतं. एकदा बोटातून गेलं ते गेलं. कळांचा आवाज एकसारखा येत राहिला, बाहेर पाऊस असल्यासारखा, आणि मध्ये मध्ये मोठी शांतता. एकदा त्यांनी न वळता विचारलं, “तू त्या चुलीवर कधीपासून हायेस?” आई म्हणाली, “पोरगी चौथीत गेलती तवापासून.” पुन्हा आवाज सुरू झाला.

संपल्यावर त्यांनी छपाईची कळ दाबली आणि एन्टर मारला. कोपऱ्यातला जुना प्रिंटर कण्हला, थरथरला आणि कागद ओढायला लागला. मावशीनं खरंच हात जोडले. कागद बाहेर आला, मी तो उचलला, आणि माझं तोंड उतरलं.

पान इंग्रजी अक्षरांनी भरलं होतं. पण इंग्रजी तरी कसली? के, के, जे, के, डी, मध्येच कंस, मध्येच स्वल्पविराम. अर्थ लागेल असा एक शब्द नाही.

आमचा मराठी फॉन्ट जुन्या तऱ्हेचा होता. नवीन पान उघडलं की आधी तो निवडावा लागायचा. न निवडता टाईप केलं की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी त्या कळेवरचं इंग्रजी अक्षर उमटायचं. ‘क’च्या जागी डी, ‘र’च्या जागी जे, आणि काना म्हणजे के. पडदा दिसत असता तर पहिल्याच अक्षराला चूक कळली असती. घाईत बाबा फॉन्ट निवडायला विसरले होते आणि सगळं पत्रक भलत्याच लिपीत गेलं होतं.

आईनं मशीन बंद करून पुन्हा लावलं. या वेळी पडदा आलाच नाही. नुसत्या शिट्ट्या आल्या, एक लांब, दोन आखूड. मी भाऊंना पुन्हा फोन लावून तो डब्याजवळ धरला. भाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, “गेलं बाई. कार्डच गेलं.”

मावशीनं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला. “हे कोन्ती भाषा हाय वं? आमची गोंडी तं नाई.”

“आन इकडं,” बाबा म्हणाले.

त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. त्यांची बोटं हवेत किंचित हलली, आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. अडखळत नाही, सरळ. त्या के-के-जेच्या रानातून ते मराठी असे काढत होते जसं काही तिथे मराठीच लिहिलंय. बोटांना ठाऊक होतं कुठल्या अक्षराखाली काय दडलंय. मी वही ओढली आणि उतरवून घ्यायला लागले.

पण थोड्याच वेळात माझा हात मंदावला. हे त्यांच्या नेहमीच्या पत्रकासारखं नव्हतं. त्यात ‘शोषण’ नव्हतं, ‘जाहीर निषेध’ नव्हता, ‘सर्व स्तरांतील’ नव्हतं. होतं ते असं:

‘या दोघी सकाळी उठून आपल्या पोरांची चूल पेटवतात. त्यातली एक माझी बायको आहे. म्हणून मी हे लिहायला लाजत होतो. डाळीत अळ्या होत्या. ती डाळ तिनं आपल्या पोरीला खाऊ घातली नसती, म्हणून तुमच्याही पोरांना घातली नाही. एवढाच तिचा गुन्हा. ती घरी येते तेव्हा तिच्या केसांना धुराचा वास असतो, आणि मी इतक्या वर्षांत तिला कधी विचारलं नाही की आज काय शिजवलं.’

हे वाक्य बाबांनी कागद तोंडापुढे ओढून वाचलं. त्यांना ते टाईप करता आलं होतं, कारण समोर काहीच दिसत नव्हतं. आता आई समोर बसलेली असताना ते मोठ्यानं वाचावं लागत होतं, आणि त्यांच्याखेरीज ते वाचू शकेल असं या जगात कुणी नव्हतं. आई सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. फक्त सूप हलायचं थांबलं होतं.

बाबा शेवटच्या ओळीवर आले. ‘तरी रविवारी ग्रामसभेला यावे, ही नम्र विनंती.’

“थांबा,” आई म्हणाली. “विनंती काऊन?”

“पत्रकात असते तसं.”

“आमी काई मागून राह्यलो का कोनाले? अळ्या त्यायच्या, लाज आमाले? विनंती काढ गं पोरी.”

“मंग काय लिहू?” मी विचारलं.

तिनं मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, “लिही, या. येऊन पाहा. डाळ ठेवली हाय.”

ठेवली होतीच. पोतं शाळेतच राहिलं होतं, पण मावशीनं दोन मुठी लुगड्याच्या ओच्यात बांधून आणल्या होत्या आणि घरी डब्यात बंद करून ठेवल्या होत्या. हे तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. “इतके पत्रकं लिहिले म्या,” ते म्हणाले, “पण पुरावा जमा कराले कधी सुचलं नाई.”

मी सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. शेवटची ओळ मावशीची. शनिवारी पहिल्या बसनं देवळीला जाऊन झेरॉक्स काढल्या आणि दुपारपर्यंत बाजारात आले. लोक कागद हातात घेत, अक्षर पाहून विचारत, “काऊन वं, कॉम्प्युटर बिघडला का?” मी म्हणायचे, “हो.” मग ते वाचायला लागत, आणि ‘माझी बायको’पाशी आले की मान वर करून मला एकदा निरखून पाहत. एका म्हातारीनं मला अख्खं पत्रक दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, “तुह्या बापाले उशिरानं का होईना, दिसलं.”

ग्रामसभेत एरवी न येणाऱ्या बाया आल्या. भरपूर आल्या. मावशीनं डबा उघडून टेबलावर उपडा केला. अळ्या चालत चालत समितीच्या कागदांवर गेल्या. समितीचा माणूस खुर्ची मागे सरकवून म्हणाला की असा काही निर्णय झालेलाच नव्हता, गैरसमज झाला. बाया हसल्या. निर्णय झालाच नव्हता, हे त्यांनी त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं.

मी त्या सभेत खूप काही बोलायचं ठरवून गेले होते. पाठ केलं होतं. बोलायची वेळच आली नाही, आणि याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आज वाटत नाही.

सोमवारी आई नेहमीच्या वेळी शाळेत गेली. दुपारी परत आली, पायावर पाणी घेतलं आणि ओसरीत बसली. बाबा आत कापसावर बसले होते, समोर काळा पडदा. ते उठून दारात आले. काही तरी विचारायचं होतं आणि जमत नव्हतं, हे मला मागूनही कळत होतं.

“आज काय शिजवलं?” त्यांनी विचारलं.

आईनं वर पाहिलं. “खिचडी,” ती म्हणाली. “मीठ जरासं जास्त झालतं.”